आमच्या कंदिलाला ठिगळ असतं

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. यंदा सगळ्या बाल्कन्यांमध्ये एकसारखे कंदील लागणार, कमिटीने ऑर्डर दिलेली आहे, फ्लॅटमागे 450 रुपये मेंटेनन्सच्या बिलात जोडून येतील. आणि शेवटची ओळ, जिच्यापायी माझा चहा गार झाला, "घरी बनवलेले कंदील कृपया बाहेरच्या बाजूला लावू नयेत, बिल्डिंगची शोभा जाते." खाली चौदा अंगठे. दोन नमस्कार. एकाने तर लगेच फुलबाज्यांचे इमोजी पेटवले.

शोभा जाते म्हणे.

मी तेव्हा डायनिंग टेबलावर पेपर पसरून कामट्याच तासत बसले होते, म्हणजे टायमिंग बघा. परवा बुरूड आळीतून कामट्या आणल्या, रात्रभर बादलीत भिजत घातल्या, सकाळी बोटात कुसळ गेलं ते अजून निघालेलं नाही, आणि वर हा मेसेज. पोरगा समोर बसून दोऱ्याचा गुंता सोडवत होता, त्याने विचारलं आई काय झालं, मी म्हटलं काही नाही, तू सोडव.

आमच्याकडे कंदील घरीच होतो. यात मोठेपणा काही नाही, साताऱ्याला लहानपणी विकत आणायला पैसे नव्हते एवढंच. अण्णा कोर्टात कारकून, वसुबारसेच्या आधीच्या रविवारी ते अंगणात फतकल मारून बसायचे आणि आम्ही भावंडं भोवती. सारख्या मापाच्या 24 कामट्या. त्यांचे 6 चौकोन. मग चौकोनांची टोकं एकमेकांना बांधायची, आणि बांधून झालं की अचानक 8 त्रिकोण तयार झालेले असतात, जे आपण केलेलेच नसतात! मला दर वर्षी हा जादूचा प्रयोग वाटायचा. आजही वाटतो. 46 वय झालं, दोन होम लोन झाली, तरी शेवटची गाठ मारली आणि ते त्रिकोण डोळ्यासमोर आले की पोटात गुदगुल्या होतात, आता हे मी कमिटीला कुठल्या भाषेत सांगू?

तर 1991 ची गोष्ट. मी सातवीत. कंदील झाला, भगवा पतंगाचा कागद, खाली पांढऱ्या झिरमिळ्या, एकदम झकास. अण्णांनी आत झिरोचा बल्ब लावला. आणि समोरच्या वाड्यातल्यांनी नेमका त्या वर्षी मोठा चांदणीचा कंदील आणलेला, विकतचा, लखलखीत. आमचा आपला मिणमिणता. मला ते सहन होईना. अण्णा बाजारात गेल्यावर मी स्टुलावर चढून झिरोचा काढला आणि मोरीतला 60 चा लावला. काय दिसला हो! पाच मिनिटं मी रस्त्यावर उभी राहून नुसती बघत होते. मग वारा सुटला, कंदील हलला, बल्ब कागदाला टेकला, आणि बघता बघता कागद तपकिरी होऊन रुपयाएवढं भोक.

बाकीचं पुढे सांगते, आधी राग काढू दे.

मला विकत घेण्याचा राग नाहीये. माहीमच्या कंदील गल्लीत लोक कंदिलांवर पोट भरतात, त्यांचा कंदील घ्या, दोन घ्या. ज्याला वेळ नाही त्याने घ्यावा, ज्याला हौस नाही त्यानेही घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं त्या "लावू नयेत" वर आहे. म्हणजे आता वाकडं काही दिसताच कामा नये का? हातचं म्हणजे लपवायचं? याच सोसायटीत गेल्या महिन्यात मुलांसाठी "डीआयवाय कंदील वर्कशॉप" झालं, मी पोराला घेऊन गेले होते. आधीच कापून आणलेले तुकडे, खाचेत खाच अडकवायची, वर स्टिकर लावायचा, वीस मिनिटात खेळ खलास आणि पुढची चाळीस मिनिटं फोटो. एकाही पोराचं काही चुकलं नाही. चुकायला जागाच ठेवली नव्हती. आणि गंमत म्हणजे ते पंचवीस कंदील जिन्यात टांगले तेव्हा एकाही पोराला स्वतःचा ओळखता येईना, मागे नाव लिहिलंय का ते बघत फिरत होती बिचारी.

याला बनवणं म्हणतात?

आमच्या पोराने यंदा सांगाडा बांधला आणि तो डुलायला लागला. हात लावला की कलतो, दाबला की दबतो. म्हणाला मोडका झाला. मी म्हटलं थांब. आगपेटीच्या काड्या घेतल्या, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून वॉल्व्ह ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी, आणली, तिचे तुकडे करून काड्या जोडल्या, एक चौकोन केला, एक त्रिकोण. ही आयडिया माझी नाही, अरविंद गुप्तांची, आयआयटी कानपूरला शिकलेला इंजिनिअर माणूस, आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी बनवून पोरांना विज्ञान शिकवलं, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कितीतरी वर्षं होते, 2018 ला पद्मश्री मिळाली, आणि सगळं काही वेबसाइटवर फुकट ठेवून दिलंय. तर चौकोन बोटाने ढकलला की पडतो. त्रिकोण ढकला, हलत नाही. पोराने दहा वेळा करून बघितलं. मग स्वतःच कंदिलाकडे बघून म्हणाला, म्हणजे चौकोन डुलतायत, त्रिकोण नाही. मग म्हणाला, मग कागद लावल्यावर? म्हटलं लाव आणि बघ. दुपारी बाजूच्या चारही चौकोनांना कागद ताणून लावला, खळ वाळली, आणि सांगाडा बऱ्यापैकी ताठ! पतंगाचा कागद, फुंकर मारली तर उडेल असा, पण चौकोनाला वाकडं होऊ देत नाही. पोरगा दहा मिनिटं कंदील हातात धरून हलवून बघत होता. मोबाइल शेजारीच पडलेला, हातही लावला नाही. बास, 450 रुपयात हे येतं का?

बरं, हे सगळं टाइप करता करता अण्णांना फोन लावला. आता 78 चे आहेत, हात थरथरतात, गाठ मारता येत नाही, म्हणून व्हिडिओ कॉलवर सुपरव्हिजन करतात. "दुहेरी गाठ मार, तुझी सुटती दर वर्षी." मला वाटलं मेसेज वाचून दाखवला की चिडतील. तर म्हणतात, "मग लाव की सोसायटीचा. काय बिघडतंय?" आणि वर ऐका, मागच्या वर्षीपासून त्यांच्या दारात प्लॅस्टिकचा फोल्डिंगचा कंदील आहे! पाच मिनिटात लागला, अवकाळी पाऊस आला तरी भिजला नाही, घडी करून कपाटात गेला, म्हणून स्वारी खूश. माझ्या बापाने मला तोंडावर पाडलं. ठीक आहे. पाऊस आला की कागदाचा लगदा होतो हे मान्य. आपल्याकडे आता दिवाळीत पाऊस येतो हेही मान्य. पुढे चला.

तर भोक. संध्याकाळी अण्णा आले, वर बघितलं. मी आत माजघरात लपलेली, आज फटके नक्की. त्यांनी हाक मारली, "अगं ये बाहेर." कंदील उतरवलेला. म्हणाले, "वाटी आण आणि कात्री आण." भगवा कागद संपलेला होता, घरात फक्त पिवळा उरलेला, कंदिलाला लावायच्या कागदी करंज्यांचा. त्यांनी वाटी उपडी ठेवून पेन्सिलीने गोल काढला, माझ्याकडून कापून घेतला, खळ लावली (खळीत ते चिमूटभर मोरचूद टाकायचे, झुरळं लागू नयेत म्हणून, आणि ते विष म्हणून आम्हाला एरवी हात लावू द्यायचे नाहीत, त्या दिवशी दिला), भोकावर बसवला आणि लांब धरून बघितलं. म्हणाले, "आता लोकांना वाटंल मुद्दाम केलंय." आणि परत झिरोचा बल्ब. ओरडले नाहीत. का ओरडले नाहीत हे मी आज फोनवर विचारलं, तर त्यांना ती दिवाळीच आठवत नाहीये! 60 चा बल्ब नाही, वाटी नाही, काही नाही. म्हणाले असेल बाबा.

पुढच्या वर्षी भगवा कागद भरपूर होता. भोक नव्हतं. तरी कंदील झाल्यावर मी वाटी आणली. अण्णा काही बोलले नाहीत, पिवळा कागद पुढे सरकवला. तेव्हापासून दर वर्षी. लग्न झालं, पुण्याला आले, नवऱ्याने पहिल्या दिवाळीत विचारलं हे ठिगळ काय, म्हटलं मुद्दाम केलंय.

मघाशी पोराने पण विचारलं, आता तर एलईडी आहे, कागद जळायचा प्रश्नच नाही, मग गोल कशाला? मला उत्तर सुचलं नाही. वाटी आण म्हटलं.

आणि हो, ज्या ताईंनी मेसेज टाकलाय त्या वाईट नाहीत, हेही लिहिते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही. लॉकडाउनमध्ये आमच्याकडे सगळे आजारी होते तेव्हा आठ दिवस डबा त्यांच्याकडून यायचा. सगळी बिल्डिंग एकसारखी उजळली की छान दिसेल असं त्यांना मनापासून वाटत असणार, आणि दिसेलही, ड्रोन शॉटमध्ये. 450 रुपये भरणार आहे मी. त्यांचा कंदील पण लावणार आहे. शेजारी माझा.

ग्रुपवर कोणी काढ म्हटलं तर बघू तेव्हा. अर्ध्या बाल्कन्यांत वर्षभर वाळत घातलेल्या चादरी असतात तेव्हा शोभा कुठे जाते तेही मग विचारीन. नाही विचारणार बहुतेक. पण मनात तयार आहे.

थांबते, खळीचा हात फोनला लागतोय, स्क्रीन पांढरी झाली. पोरगा आतून ओरडतोय, आई गोल कुठल्या बाजूला लावू, घराच्या का रस्त्याच्या? रस्त्याच्या रे. थोडा डावीकडे घे, ताईंची बाल्कनी त्या बाजूला आहे.