‘स्क्वॉ’ची व्युत्पत्ती : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील मूलनिवासी स्त्रीसाठी वापरला गेलेला ‘स्क्वॉ’ हा इंग्रजी शब्द मोहॉक या मूलनिवासी जमातीच्या भाषेतील स्त्रीच्या जननेंद्रियाच्या नावावरून आला, फ्रेंच व्यापाऱ्यांनी तो अपभ्रष्ट करून पसरवला आणि म्हणून तो मुळातच शिवी आहे, असा दावा आजही फिरत असतो. 1973 मध्ये एका साहित्यसंकलनात तो छापला गेला आणि 1992 मध्ये ऑप्रा विन्फ्रे यांच्या कार्यक्रमातून अमेरिकेत घरोघरी पोहोचला. स्मिथसोनियन संस्थेतील भाषाशास्त्रज्ञ आयव्ह्ज गॉडर्ड यांनी 1997 मध्ये तो सप्रमाण खोडून काढला, पण खंडन दाव्याइतके पसरले नाही.

आधी स्थळकाळ पाहू. 1620 मध्ये आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लिमथला वसाहत करणाऱ्या इंग्रजांचा संबंध आला तो मॅसॅच्युसेट भाषा बोलणाऱ्यांशी. मोहॉकांचा मुलूख बराच पश्चिमेला, आजच्या न्यूयॉर्क राज्यात होता. या वसाहतीचा जो वृत्तांत 1622 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, त्यात ‘स्क्वॉ सेचम’ असा उल्लेख असून त्याचा अर्थ तिथेच ‘मॅसॅच्युसेटची राणी’ असा दिला आहे. फ्रेंच व्यापारी या नोंदीच्या आसपासही नाहीत, आणि शिवी म्हणून आलेला शब्द राज्यकर्त्या स्त्रीच्या पदवीत कसा बसला, याचे उत्तर दावा करणारे देत नाहीत.

भाषाकुलाचा पुरावा याहून भक्कम आहे. मोहॉक इरोक्वॉयन कुलातील, तर मॅसॅच्युसेट अल्गाँक्वियन कुलातील. याच अल्गाँक्वियन कुलातील, कॅनडातील अल्बर्टापर्यंत पसरलेल्या क्री भाषेत स्त्रीला ‘इस्क्वेव’ म्हणतात, ओजिब्वेत ‘इक्वे’. अबेनाकीत ‘-स्क्वा’ हा स्त्रीवाचक प्रत्यय असून ‘निदोबास्क्वा’ म्हणजे मैत्रीण. हे सगळे शब्द एकाच मूळ रूपातून आलेले आहेत. दाव्यात ज्याचा आधार घेतला जातो त्या मोहॉक ‘ओत्सिस्क्वा’ या शब्दाशी साम्य आहे ते केवळ शेवटच्या ध्वनींचे, आणि तेवढ्यावर व्युत्पत्ती ठरत नाही.

मात्र या खंडनाच्या आधारे ‘स्क्वॉ’ असलेली जुनी स्थलनामे टिकवू पाहणारेही तितकेच चुकतात. पुढील काळात गोऱ्या वसाहतवाल्यांनी हा शब्द उघड तुच्छतेने वापरला. मूलनिवासी स्त्रीशी लग्न करणाऱ्या गोऱ्याला ‘स्क्वॉ मॅन’ म्हणून हिणवले जाई. 2021 मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याच्या (तिकडे हे खाते जमिनी आणि मूलनिवासींचे व्यवहार पाहते) मंत्री डेब हालंड यांनी तो अवमानकारक ठरवला आणि 2022 मध्ये सुमारे 650 ठिकाणांची नावे बदलली गेली. त्यासाठी वापराचा इतिहास पुरेसा होता, मोहॉक कथेची गरज नव्हती. उलट त्या कथेमुळे अल्गाँक्वियन भाषिकांचा ‘बाई’ या अर्थाचा साधा शब्द अश्लील ठरतो, आणि म्हणूनच अबेनाकी अभ्यासक मार्गरेट ब्रुशॅक यांनी तो शिवी देणाऱ्यांच्या हवाली करण्यास विरोध केला आहे.