पाठकोरे कागद मिळवण्याची सोपी रीत

घरात गणितं सोडवणारं शाळकरी पोर असेल, तर पाठकोरे कागद कितीही आणा, पुरत नाहीत. पूर्वी त्यासाठी ओळखीच्या छापखान्यात चक्कर मारावी लागे. आता नको. कार्यालयात एक प्रिंट सर्व्हर (सगळ्यांची छपाई सांभाळणारा मुख्य संगणक), दहाबारा संगणक आणि एक आत्मविश्वासू माणूस एवढं जमलं की चवथीपर्यंत गठ्ठा तयार.

आधी मूळ गोष्ट समजून घ्या, म्हणजे ती नेमकी कुठे बिघडवायची ते कळेल. विंडोजमध्ये नेटवर्कवरचा प्रिंटर जोडताना तुमचा संगणक सहसा सर्व्हरकडचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा दुभाषा प्रोग्राम, स्वतःकडे उतरवून घेतो. त्यानंतर दोन्हीकडची आवृत्ती एकच राहावी, एवढीच त्या बिचाऱ्याची अपेक्षा. रायबंदरहून चोडणला फेरीबोट लागते तेव्हा फळी धक्क्याला नीट टेकली तरच स्कूटर उतरते. तुम्ही फक्त बोट हलवायची आणि स्कूटरवाल्याला सांगायचं नाही.

मुहूर्त गुरुवारी रात्रीचा. पणजीत बसून सर्व्हरवर प्रिंटरच्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा अगदी ताजा ड्रायव्हर चढवा आणि घरी जाऊन झोपा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार. पेडण्यापासून डिचोलीपर्यंतची माणसं त्याच फेरीत आपली कागदपत्रंही उरकून घेतात. सकाळी साडेनऊला म्हापशाच्या शाखेत पहिली पावती काढायला गेलं की पडद्यावर येतं : ड्रायव्हर अद्ययावत करायला हवा, प्रशासकाचा पासवर्ड द्या.

ही पासवर्डची अट फार जुनी नाही. २०२१ च्या जुलैत प्रिंट स्पूलरमधलं (विंडोजच्या छपाईची रांग लावणाऱ्या भागातलं) ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भगदाड उघडं पडलं. त्यातून परका माणूस ड्रायव्हरच्या वेषात तुमच्या यंत्रात शिरून मालक होऊ शकत होता. त्यामुळे मायक्रोसॉफ्टने ऑगस्टपासून असा ड्रायव्हर बसवणं प्रशासकापुरतंच ठेवलं. सप्टेंबरच्या अपडेटनंतर, सर्व्हर आणि संगणक एकाच पातळीवर नसतील तिथे, जिच्या आकड्याच्या शेवटी ११बी असतं ती छपाई अडवणारी कुप्रसिद्ध चूक येऊ लागली. यावर उपाय सोपा आहे. कुठला तरी व्हिडिओ बघा, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, या अटीपुढच्या एकाचं शून्य करा, जमल्यास ते अपडेटच काढून टाका. चोर येतो म्हणून कडी बसवली होती. ती लावायला-काढायला त्रास होतो, तर दारच काढून ठेवा. गेली काही वर्षं कित्येक कार्यालयं अशीच हवेशीर आहेत.

ड्रायव्हर निवडताना फक्त नाव बघा. नाव जुळलं की सोयरीक पक्की! नावापुढे ‘पीसीएल ६’ आहे की ‘पीएस’ म्हणजे पोस्टस्क्रिप्ट, ही प्रिंटरच्या भाषेची भानगड पत्रिका बघणाऱ्यांवर सोडा. टाइप ३ आणि टाइप ४ या ड्रायव्हरच्या दोन जाती, हाही फरक मानू नका. टाइप ४ हा विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ बरोबर आला. त्यात संगणकाला सर्व्हरकडचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा लागत नाही, म्हणजे जुळवाजुळवीचं निम्मं दुखणं जातं. अशी मजा घालवणारी वस्तू कशाला हवी? कोपऱ्यातल्या जुन्या ३२ बिट संगणकासाठी सर्व्हरवर वेगळा ड्रायव्हर ठेवायची सोय असते, तीही विसरा. तो संगणक नेहमी लेखापालाचाच असतो. का, ते विचारू नका.

प्रिंट मॅनेजमेंट नावाची खिडकी मात्र चुकूनही उघडू नका. तिथे प्रत्येक ड्रायव्हरसमोर आवृत्तीचा आकडा सरळ एका रकान्यात दिसतो, आणि एकदा दिसला की जुळवावासा वाटतो. कोणी फारच विचारलं तर पावसाकडे बोट दाखवा. गोव्यात जुलैत कागद ओलसर होतो आणि अडकतो, हे खरंच आहे, त्यामुळे कोणी शंका घेत नाही. ओल्या कागदाने अक्षरं मात्र बदलत नाहीत.

आमच्याकडे ही रीत गेल्या पावसाळ्यात तंतोतंत पाळली गेली. पणजीचे साहेब एकला जेवायला गेले. तीनपर्यंत त्यांचा फोन उशीखाली. शेजारच्या दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा मदतीला आला. कळफलकाखाली चिकटवलेला पासवर्ड त्याला आमच्याआधी सापडला. “सर्व्हरवरून कशाला, मी नेटवरून घालतो, नाव सेम आहे,” म्हणत त्याने पीएसवाला बसवला. आमच्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट कळत नाही. त्याने आलेला मजकूर जसाच्या तसा छापायला घेतला : वर टक्क्याची खूण, पुढे उद्गारचिन्ह, मग कंस, आकडे, इंग्रजी आज्ञा. एका पावतीची चाळीस पानं.

काउंटरपाशी मयड्याच्या केळ्यांचा घड पायाशी ठेवून एक आजोबा बसले होते. दर पाच मिनिटांनी, “बाय, माझा कागद झाला?”

साडेतीनला साहेब उठले. सगळं ऐकून घेतलं आणि पणजीहूनच चाचणीचं पान सोडलं. म्हापशाच्या प्रिंटरमधून ते सुबक बाहेर आलं. “बघा, माझ्याकडून तर नीट येतंय,” म्हणाले आणि फोन ठेवला. त्या पानावर ड्रायव्हरचं नाव आणि आवृत्तीचा नवा आकडा ठळक छापलेला होता. आमच्या संगणकावरच्या आकड्याशी ताडून बघायला हात पुढे केला, तर पान जागेवर नाही.

आजोबांना आमच्या बाईंनी पावती हाताने लिहून दिली होती. पायऱ्या उतरताना त्यांच्या काखेत एक गुंडाळी होती. “टाकूनच देणार होता ना? एका बाजूने कोरे आहेत. नातवाला होतील.”