फोटो गंजाचा, धास्ती क्षाराची

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कापलेल्या लोखंडी पाइपचा फोटो, आतून तपकिरी गाठींनी बुजत आलेला. खाली मजकूर: ‘जे पाइपात साचतं तेच तुमच्या किडनीत साचतं. टीडीएस ५०च्या वर असेल तर ते पाणी पिऊ नका. हंड्यात तुरटी फिरवा म्हणजे क्षार खाली बसतील. वर्षातून एकदा पाइपात ॲसिड सोडा.’ (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये.)

आधी फोटोचंच बघू. क्षाराचा थर पांढरट-करडा आणि टणक असतो, गीझरच्या कॉइलवर बसतो तो. तपकिरी गाठी म्हणजे गंज. जीआय पाइपवरचा जस्ताचा मुलामा गेला की पाणी आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन मिळून लोखंड खातात. खात्री करायची तर खपली काढून तिच्यावर लिंबू पिळा. क्षार असेल तर बुडबुडे येतात, नुसता गंज असेल तर तो ढिम्म राहतो.

गंमत अशी, की हा गंज क्षार कमी असलेल्या पाण्याने जास्त लागतो. कोकणात जांभ्यातून येणारं पाणी मऊ, जरासं आम्लधर्मी. तिथे पातेल्याला पांढरं धरत नाही, पण जीआय पाइप सडतो. देशावर काळ्या पाषाणातून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येणारं जड पाणी पाइपला आतून पातळ लेप देतं आणि तो लेप गंजाला थोडाफार अडवतो. पाणी थर धरेल की पाइप खाईल, हे सामू (पीएच), कॅल्शियम, क्षारता आणि तापमान यांवरून काढायची रीत अमेरिकी जलतज्ज्ञ लँगेलिअर यांनी १९३६ सालीच घालून दिली आहे.

किडनीचं म्हणाल तर पाइपातला थर कॅल्शियम कार्बोनेटचा, मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. पदार्थच वेगळा. शिवाय आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. खडा होतो त्यात कमी पाणी पिण्याचा वाटा मोठा असतो, आणि या मेसेजने घाबरलेला माणूस नेमकं पाणीच कमी पितो!

टीडीएस ५० हा आकडा कुठून आला देव जाणे. भारतीय मानकात (आयएस १०५००) ५००पर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाची तक्रार खरी आहे, तिथे आरओ लागतो. यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडवाल्या गावांतही लागतो. पण ते टीडीएस मीटरवरून ठरत नाही. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. टीडीएस ३००च्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकतं, आणि जुलाबाचे जंतू तर त्याला दिसतच नाहीत.

तुरटीने गाळ बसतो. विरघळलेले क्षार बसत नाहीत.

ॲसिडचा सल्ला मात्र सरळ धोक्याचा. ते क्षाराबरोबर उरलंसुरलं जस्तही काढतं, मग लोखंड उघडं पडून गंज आणखी वेगाने चढतो. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असेल आणि तिच्याशी हे ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद टाकीत उतरलेल्या माणसाचा त्याने जीव जाऊ शकतो. पाइप इतका बुजला असेल तर तो बदलून एचडीपीईचा (प्लास्टिकचा) टाकावा.

मेसेजमध्ये जे नाही तेच खरं दुखणं. गंजून भोकं पडलेली लाइन दिवसातून तासभर चालते आणि बंद झाली की आतला दाब पडतो. मग गटारालगतच्या भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शिवाय जंतू मारायला टाकलेलं क्लोरीनही गंज खातो, म्हणून टाकीजवळच्या नळाला ओटी टेस्ट (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारी थेंबांची चाचणी) पिवळी येते आणि शेवटच्या वस्तीत पाणी तसंच रंगहीन राहतं. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. तेव्हा पाणी सुटल्यावर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला टाकीखालच्या नळावर नको, शेवटच्या घरच्या नळावर न्या आणि टेस्ट तिथे करायला लावा.