फिनलंडची गाणी मंत्र नाहीत, आणि निनावी तर नाहीतच

आईच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक लांबलचक फॉरवर्ड परवा तिने मला पाठवला. खाली तिचा निरोप होता, "तुमच्या तिकडचंच आहे ना गं हे? बुधवारी मंडळात वाचणार आहे, वहीत उतरवून घेतलंय." मी गेली सहा वर्षं हेलसिंकीत एका हौशी कॉयरमध्ये गाते, म्हणून तिला कौतुक. वाचून माझं मात्र डोकं तापलं.

मजकूर थोडक्यात असा : फिनलंडचं महाकाव्य 'कालेवाला' ही रामायणाची नक्कल आहे. त्याचा छंद आपला अनुष्टुभ. फिनिश ही संस्कृतची लेक. तिथले कॉयर गातात ते सगळे अपभ्रंश झालेले वेदमंत्र, म्हणून त्यांना कर्ता नाही. 'फिनलांदिया' हे त्यांचं प्राचीन लोकगीत आणि तेच राष्ट्रगीत. शेवटी एक व्हिडिओ, 'लॅपलंडच्या पुरोहितांचा अग्निमंत्र'.

रामायणापासून सुरू करते, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. म्हणे 'कालेवाला'चा म्हातारा नायक वॅइनॅमोइनेन म्हणजे विष्णू, लोउही म्हणजे लंका आणि सांपो म्हणजे समुद्रमंथन. समुद्रमंथन रामायणात येतं ते विश्वामित्रांनी सांगितलेल्या एका आख्यानात, मूळ कथेचा तो भाग नाही, एवढाही विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही. लोउही हे गावाचं नाव नाही, ती बाई आहे, पोह्योलाची मालकीण. पोह्योला म्हणजे उत्तर दिशेचा मुलूख. सांपो ही लोहार इल्मारिनेनने तिच्यासाठी घडवलेली वस्तू : एका बाजूने पीठ, दुसरीने मीठ, तिसरीने पैसा दळणारी. म्हणजे जातं. ते पळवताना समुद्रात पडून फुटतं. कोणी काही घुसळत नाही, अमृत नाही, विष नाही. आणि विष्णूवरून बेतलेला म्हणतात तो वॅइनॅमोइनेन १५५१ सालीच, 'कालेवाला' छापून येण्याच्या पावणेतीनशेहून जास्त वर्षं आधी, छापील कागदावर आहे. मिकाएल आग्रिकोला या फिनिश धर्मगुरूने बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या फिनिश भाषांतराला जी प्रस्तावना जोडली, तिच्यात जुन्या देवांची यादी आहे आणि तीत तो गाणी रचणारा म्हणून येतो.

अनुष्टुभाचं म्हणाल तर आठ हा आकडा जुळतो, तेवढंच. 'वाका वान्हा वॅइनॅमोइनेन', म्हणजे 'धीरगंभीर म्हातारा वॅइनॅमोइनेन'. मोजून आठ अक्षरं. पण अनुष्टुभात पाचवं लघु आणि सहावं गुरू लागतं. इथे शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर आणि ओळभर दोन-दोन अक्षरांची चाल. शिवाय 'व'ला 'व' बांधलेला, तो अनुप्रास त्या छंदाचा प्राणच आहे. गाताना तर वेगळेपण लगेच कळतं. बऱ्याच जुन्या चाली पाच मात्रांच्या असतात : पहिली सहा अक्षरं अर्ध्या अर्ध्या मात्रेत भरभर, शेवटची दोन एकेक मात्रा लांबवून. फिनलंडचा संगीतकार सिबेलिउस याच्या 'कुल्लेर्वो' या 'कालेवाला'वरच्या रचनेच्या तिसऱ्या भागात पुरुषांचा कोरस याच पाचाच्या ठेक्यात कथा सांगतो. २८ एप्रिल १८९२ ला हेलसिंकीत ते पहिल्यांदा सादर झालं.

एक मान्य करायला हवं, मनाविरुद्ध. फिनिशमध्ये शंभराला 'साता', हातोड्याला 'वासारा' आणि मधाला 'मेसी' म्हणतात. शत, वज्र, मधु यांच्याशी हे नातं खरं आहे, भाषाशास्त्रज्ञ ते मानतात. पण हे हजारो वर्षांपूर्वी शेजारपाजारातून उसने घेतलेले शब्द आहेत. उसने शब्द घेतल्याने कोणी कोणाची लेक होत नाही. फिनिशचं घराणंच वेगळं, एस्टोनियन आणि हंगेरियनचं. 'कर्ता नाही' यातही थोडं खरं आहे : 'कालेवाला' जशी आज वाचतो तशी सलग कोणी गात नव्हतं. काजानी गावचा डॉक्टर एलिआस ल्योन्रोट गावोगाव फिरला, गाणी लिहून घेतली, ती जोडली, मधे थोड्या ओळी स्वतःच्या घातल्या. पहिली आवृत्ती १८३५ ची, वाढवलेली १८४९ ची, २२,७९५ ओळींची.

पण ल्योन्रोटने जुळवाजुळव केली म्हणून गाणी बिनधन्याची ठरत नाहीत. मला सगळ्यात लागलं ते 'कर्ता नाही' हे वाक्य. फिनिश साहित्य संस्थेने १९०८ ते १९४८ या काळात जुन्या लोककवितांचे ३३ खंड काढले, १९९७ मध्ये आणखी एक. सुमारे ८९ हजार पाठ. आज ते इंटरनेटवर कोणालाही उघडता येतात. गाणं कोणत्या गावातलं, कोणी लिहून घेतलं, कोणत्या साली, आणि माहीत असेल तिथे कोणाच्या तोंडून, हे सगळं तिथे आहे.

त्यातलं एक तोंड लारिन पारास्केचं. इंग्रियातली, म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या आसपासच्या मुलखातली, गरीब बाई, जन्म १८३३. नऊ मुलांतली तीनच जगली. पोटासाठी सेंट पीटर्सबर्गच्या अनाथालयातली मुलं पैसे घेऊन सांभाळायची. पाद्री आडोल्फ नेओविउसने तिच्याकडून तीस हजारांवर ओळी लिहून घेतल्या. १८९१ मध्ये पोर्वो गावी सिबेलिउस तिचं गाणं ऐकायला गेला होता. १९०४ मध्ये ती गरिबीतच गेली. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांची नावं आपल्याकडेही अशीच पुसली गेली, आणि त्याच बायकांच्या नाती आता ग्रुपवर 'कर्ता नाही' म्हणून पुढे पाठवतायत. मला हे सहन होत नाही.

मंत्रांबद्दल सांगायचं तर आमच्या कॉयरने या हिवाळ्यात सिबेलिउसचं 'राकास्तावा' बसवलं. मूळ १८९४ चं, पुरुष कॉयरसाठी. शब्द ल्योन्रोटच्याच 'कान्तेलेतार' या गीतसंग्रहातले. 'राकास्तावा' म्हणजे प्रेम करणारा. शेवटच्या भागात तो तिला म्हणतो, 'ह्युवॅ इल्ता लिन्तुसेनी, ह्युवॅ इल्ता कुल्तासेनी'. शुभ संध्याकाळ माझ्या पाखरा, शुभ संध्याकाळ माझ्या सोन्या. 'कुल्ता' म्हणजे सोनंच. यात अग्नी कुठे आहे?

'फिनलांदिया' सिबेलिउसने १८९९ मध्ये वाद्यवृंदासाठी रचलं, लोकगीत नाही. आज कॉयर गातात ते कवी कोस्केन्निएमीचे शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. राष्ट्रगीत वेगळंच आहे, 'माम्मे', जर्मनीतल्या हांबुर्गमध्ये जन्मलेल्या पाक्युस या संगीतकाराच्या चालीचं.

आणि तो व्हिडिओ. ती याक्को मॅन्त्युयॅर्वीची १९९४ ची 'स्यूडो-योइक' ही रचना आहे. योइक म्हणजे सामी लोकांचं पारंपरिक गाणं, आणि हिच्या नावातच 'खोटं योइक' आहे. शब्दांना अर्थ नाही, आणि खऱ्या सामी योइकशी हिचा संबंध नाही असं संगीतकाराने स्वतःच सांगितलंय. सामी हे उत्तरेकडच्या लॅपलंडचे वेगळे लोक, वेगळ्या भाषांचे. त्यांचं योइक पाद्र्यांनी पाप ठरवून दाबलं होतं. त्यांच्या नावावर ही नक्कल 'पुरोहितांचा मंत्र' म्हणून फिरवणं हा त्या लोकांवर अन्याय आहे.

रात्री आईला फोन केला. तिने वहीतलं ते पान काढून टाकलं आणि विचारलं, "मग बुधवारी काय वाचू?" मी लारिन पारास्केबद्दल सांगितलं. तिने नाव दोनदा म्हणून घेतलं, लिहिलं, आणि त्या नऊ मुलांतल्या जगलेल्या तिघांचं पुढे काय झालं ते विचारत राहिली.