चांगलं चाललेलं विंडोज १० कशाला मोडलं?

अरे, व्यवस्थित चाललं होतं ना विंडोज १०! फाइलवर राइट क्लिक केलं की सगळं समोर यायचं, आता ११ मध्ये आधी अर्धाच मेन्यू आणि मग "शो मोअर ऑप्शन्स" म्हणून अजून एक क्लिक, दिवसातून पन्नास वेळा, का? टास्कबार उचलून बाजूला नेता यायचा, २०२१ ला ११ आलं तेव्हा तीही सोय काढून टाकली. पण खरं डोकं फिरतं ते ११ साठी सक्तीच्या केलेल्या टीपीएम २.० वर (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची चिप) आणि नव्या प्रोसेसरच्या अटीवर. इंटेलच्या सातव्या जनरेशनचे बहुतेक प्रोसेसर बाद, त्यात १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद, मग पोटाला चिमटा काढून पोरांसाठी घेतलेला, आजही मस्त चालणारा लॅपटॉप लोकांनी काय भंगारात टाकायचा?