गॉथांनी एका रात्रीत रोम संपवलं म्हणे!

ग्रुपांवर एक जुना फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गॉथ नावाची रानटी, निरक्षर टोळी जंगलातून आली, तिने 410 साली एका रात्रीत रोम जाळलं, लायब्ऱ्या पेटवल्या, तिथेच रोमन साम्राज्य संपलं आणि या लोकांनी मागे ठेवलं काय, तर फक्त ती टोकदार गॉथिक चर्चेस. शेवटी आपल्या लोकांसाठी खास फोडणी: यांचीच एक तुकडी आपल्या जुन्नरला येऊन राहिली होती! खाली "हे शाळेत शिकवत नाहीत" आहेच. बरं झालं शिकवत नाहीत.

पहिलं, "जंगलातून चालून आले". 376 साली हे लोक रोमन साम्राज्याच्या सीमेवर, डॅन्यूब नदीच्या काठावर बायकापोरांसकट उभे होते आणि आत घ्या म्हणून विनवण्या करत होते, कारण मागून हूण आले होते. सम्राट वॅलेन्सने परवानगी दिली, ती काही दयेपोटी नाही, त्याला फुकटात सैनिक मिळत होते. पुढे लुपिसिनस आणि मॅक्सिमस या दोन रोमन अधिकाऱ्यांनी या उपाशी लोकांवर जो काही धंदा केला तो वाचून अंगावर काटा येतो. अमियानस नावाचा इतिहासकार, स्वतः रोमन फौजेत अधिकारी राहिलेला, गॉथांबद्दल त्याला काडीचं प्रेम नाही, तो लिहितो की खायला एक कुत्रं द्यायचं आणि बदल्यात एक माणूस गुलाम म्हणून घ्यायचा असा भाव चालला होता आणि त्यात गॉथ सरदारांची पोरंसुद्धा गेली. मग भडका उडाला. 9 ऑगस्ट 378 ला एड्रियानोपलच्या लढाईत वॅलेन्स मेला, त्याचं प्रेतसुद्धा सापडलं नाही. 382 ला नवा सम्राट थिओडोसियसने त्यांच्याशी तह केला आणि गॉथ रोमच्या पगारावर रोमसाठी लढायला लागले.

हे फॉरवर्डवाल्याने गाळलंय, आणि नेमकं हेच कळलं नाही तर 410 कळत नाही. 410 ला रोम लुटणारा गॉथांचा राजा अलारिक हा मुळात रोमच्या बाजूने लढलेला माणूस. 394 मध्ये फ्रिगिडस नदीजवळच्या लढाईत थिओडोसियसने गॉथांना सगळ्यात पुढे उभं केलं, ते हजारोंनी मेले, आणि श्रेय? ते विसरा. नंतरची सगळी वर्षं अलारिक काय मागत होता, तर रोमन सेनापतीचं अधिकृत पद, आपल्या लोकांना जमीन आणि धान्य. साम्राज्याचे तोवर पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते. 408 मध्ये पश्चिमेकडच्या दरबाराने स्वतःचाच सर्वोत्तम सेनापती स्टिलिको मारून टाकला, आणि मग इटलीतल्या शहरांत रोमन फौजेत नोकरी करणाऱ्या परकीय सैनिकांच्या बायकामुलांची कत्तल झाली. ते सैनिक गेले कुठे असतील? सरळ अलारिककडे.

त्याच वर्षी त्याने रोमला वेढा घातला आणि खंडणी घेऊन उठवला. खंडणीची यादी बघण्यासारखी आहे: 5,000 पौंड सोनं, 30,000 पौंड चांदी, 4,000 रेशमी अंगरखे, 3,000 लाल रंगवलेली कातडी आणि 3,000 पौंड मिरी. रोमन पौंड आपल्या किलोच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे जवळपास एक टन मिरी, आणि रोममध्ये मिरी यायची ती मुख्यतः मलबारहून. जंगलातून थेट आलेला माणूस मिरीचा हिशोब मागत नाही हो, त्याला रोमन श्रीमंतांच्या कोठारात काय असतं हे बरोबर माहीत होतं. नंतरच्या वाटाघाटीत तर तो मागण्या कमी कमी करत शेवटी नोरिकम हा सीमेवरचा, सतत हल्ले होणारा प्रांत द्या आणि धान्य द्या इतक्यावर आला, तरी सम्राट होनोरियस नाहीच म्हणाला. तो स्वतः उत्तर इटलीतल्या रावेन्ना शहरात दलदलीमागे सुरक्षित बसला होता, त्याला काय!

आता "एका रात्रीत जाळलं". 24 ऑगस्ट 410 ला सालारिया दरवाजातून गॉथ आत शिरले आणि लूट तीन दिवस चालली. आगी लागल्या, पण शहर बेचिराख झालं नाही. दरवाजाजवळचं सॅलस्ट या जुन्या रोमन इतिहासकाराचं घर जळालं, आणि सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर प्रोकोपियस हा इतिहासकार लिहितो की ते अर्धवट जळलेलं अजून उभं आहे. सगळं शहर जळालं असतं तर एका घराची कोणी वेगळी नोंद घेतली असती का? पीटर आणि पॉल यांच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना हात लावू नका असा अलारिकचा हुकूम होता, कारण गॉथ ख्रिश्चनच होते, फक्त एरियन पंथाचे, म्हणजे येशूला देवपित्यापेक्षा दुय्यम मानणारे. लायब्ऱ्या पेटवल्याची तर कुठे नोंदच नाही, तो मसाला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची लायब्ररी जळाल्याच्या गोष्टीतून उचललेला दिसतोय. याचा अर्थ अलारिक संत होता असा अजिबात नाही. खून झाले, बलात्कार झाले, लोकांना कैद करून नेलं, खुद्द सम्राटाची सावत्र बहीण गाला प्लासिडिया त्यांच्या ताब्यात होती. पण गंमत बघा, 414 मध्ये तिचं लग्न अलारिकच्या मेहुण्याशी, पुढचा राजा अथाउल्फशी झालं, आणि मुलाचं नाव ठेवलं थिओडोसियस, म्हणजे तिच्या सम्राट वडिलांचंच!

"साम्राज्य संपलं" याबद्दल जास्त बोलत नाही. राजधानी 402 पासूनच रावेन्नात होती, पश्चिमेचा शेवटचा सम्राट 476 मध्ये ओडोएकर या सेनानीने हटवला, तोही गॉथांचा राजा नव्हता, आणि पूर्वेचं साम्राज्य 1453 पर्यंत चाललं.

मग रोमची खरी वाट कधी लागली? सहाव्या शतकात, आणि इथे फॉरवर्डची गोष्ट पार उलटी होते. 493 पासून इटलीवर थिओडोरिक या ऑस्ट्रोगॉथ (गॉथांची एक शाखा) राजाचं राज्य होतं. त्याने रोमच्या इमारती दुरुस्त करवल्या, त्याच्या नावाचे आणि "सुखी रोम" अशा अर्थाचे शिक्के मारलेल्या विटा आजही सापडतात. 535 मध्ये पूर्वेचा सम्राट जस्टिनियनने इटली "परत मिळवायला" फौज पाठवली आणि जवळपास वीस वर्षं युद्ध चाललं. त्यात 537 ला गॉथांनी रोमला पाणी आणणारे जलसेतू तोडले, हे खरंय, आणि शहराच्या आतून जस्टिनियनच्या सैनिकांनी हेड्रियनच्या समाधीवरचे पुतळे फोडून गॉथांच्या डोक्यावर फेकले, हेही खरंय. शहर या हातातून त्या हातात जात राहिलं आणि रिकामं होत गेलं. दोष द्यायचा तर दोघांना द्या, पण मग जस्टिनियनचं नावही फॉरवर्डमध्ये येऊ द्या.

"निरक्षर" वर मला खरंच हसू आलं. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने गॉथांच्या गॉथिक भाषेसाठी लिपी तयार केली आणि बायबल त्या भाषेत आणलं. राजांच्या लढायांचे भाग मात्र त्याने गाळले असं म्हणतात, कारण या मंडळींना लढाईसाठी अजून उत्तेजनाची गरज नव्हती! त्या बायबलची एक प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली, स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात आहे. मूळच्या 336 पानांपैकी 188 उरलीत, त्यातलं एक 1970 मध्ये जर्मनीत श्पायरच्या चर्चमध्ये सापडलं. हां, थिओडोरिकने म्हातारपणी बोएथियससारख्या विद्वानाला मारलं, तो डाग आहेच.

गॉथिक चर्चेसचा गॉथांशी काडीचा संबंध नाही. ती शैली बाराव्या शतकात पॅरिसजवळ सें-देनीला सुरू झाली, गॉथांचं राज्य बुडून कैक शतकं झाल्यावर, आणि नंतर इटालियन मंडळींनी नाक मुरडत तिला हे नाव चिकटवलं. त्यामुळे मुंबईचं सीएसएमटी बघून गॉथांचे आभार मानू नका. मानायचेच तर स्पेनच्या कायद्यासाठी माना: 654 मध्ये तिथल्या व्हिसिगॉथ (गॉथांची दुसरी शाखा) राजा रेसेस्विंथने गॉथ आणि रोमन दोघांना एकच कायदा लागू केला, आणि राज्य 711 च्या अरब स्वारीत कोसळल्यावरही तो कायदा कित्येक शतकं तिथे चालत राहिला.

राहिलं जुन्नर. ही मात्र पूर्ण थाप नाही. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत इरिल नावाच्या "गत" यवनाने (यवन म्हणजे पश्चिमेकडचा परदेशी, बहुधा ग्रीक) दोन पाण्याची टाकी दिल्याची आणि चित नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिल्याची नोंद आहे, आणि स्टेन कोनोव या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1912 च्या सुमारास सुचवलं की हे "गत" म्हणजे गॉथ असावेत. सूचना आहे ती, पुरावा नव्हे, आणि पुढे सगळ्यांनी ती मान्य केली असंही झालेलं नाही. शिवाय हे लेख पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, तेव्हा गॉथ पोलंडच्या बाजूला होते, काळ्या समुद्राकडे त्यांचं बस्तान नंतर बसलं. एखादा भटका व्यापारी तिथून इथवर पोचलाच असेल तर पोचला असेल, पण "तुकडी येऊन राहिली" कुठून आलं? इरिलने टाकी खोदून घेतली तेव्हा अलारिकच्या खापरपणजोबाचाही जन्म झालेला नव्हता.