‘दरवर्षी नवी भाषा शिका, नाहीतर नोकरी गेली’: या मेसेजला उत्तर

‘जावा, पीएचपी संपल्या. दरवर्षी नवी भाषा शिका, नाहीतर नोकरी गेली. तसाही कोड आता एआयच लिहिणार’, असा प्रोग्रामिंगच्या भाषांबद्दलचा मेसेज इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये फिरतोय. घाबरून मुलं एका कोर्समागून दुसऱ्याची फी भरतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

जावा १९९५ची, पण २०१८पासून दर सहा महिन्यांनी तिची नवी आवृत्ती येते. मागे पडतो तो २०१४च्या जावा ८वर थांबलेला माणूस, ज्याने नंतर आलेल्या सोयी, जसे रेकॉर्ड किंवा जावा २१मधले व्हर्च्युअल थ्रेड, कधी वापरूनच पाहिल्या नाहीत. पीएचपीवर वर्डप्रेस आणि विकिपीडिया आजही चालतात. कोबोल तर १९५९ची. तरी एप्रिल २०२०मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणाऱ्यांना जाहीर हाक मारावी लागली, कारण बेरोजगार भत्त्याची यंत्रणा जुनी होती आणि अर्जांचा पूर आला होता.

आता दरवर्षीच्या नव्या भाषेचं. काम अडतं ते भाषेवाचून क्वचितच. डेटाबेसमध्ये तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (हवी ती ओळ पटकन शोधून देणारी सूची) आहे, तरी २०२४च्या ऑर्डरींचा रिपोर्ट रखडतो. का? क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, अटीत त्या कॉलमला वर्ष काढणारं फंक्शन लावलेलं असतं. मग डेटाबेस सहसा एकेका ओळीवर ते चालवत बसतो आणि इंडेक्स नुसता पडून राहतो. अट ‘१ जानेवारी २०२४पासून, १ जानेवारी २०२५च्या आधी’ अशी लिहा आणि क्वेरीपुढे एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारा शब्द) लावून फरक बघा. दुसरी नेहमीची चूक: १०० ऑर्डरी आणायच्या आणि लूपमध्ये प्रत्येकीचा ग्राहक वेगळा विचारायचा. झाल्या १०१ क्वेरी! ही चूक जावाच्या हायबरनेटमध्ये होते, पायथॉनच्या जँगोत होते, पीएचपीच्या लाराव्हेलमध्येही होते. भाषा बदलून ती सुटत नाही, जॉइन (एकाच क्वेरीत दोन टेबलं जोडणं) समजला की सुटते.

दुसरी भाषा शिकावीच, पण पहिली पक्की झाल्यावर आणि वेगळ्या वळणाची. जावानंतर सी शार्पने फारसं नवं हाती लागत नाही. सी शिकलात तर मेमरी घेतं कोण आणि सोडतं कोण हे कळतं.

एआय कोड लिहितं, खरं आहे. पण वरच्या दोन्ही चुका तेही करतं, आणि दहा ओळींच्या डेटावर कोड बिनचूक चाललेला दिसतो. तेव्हा तो कोड स्वीकारण्याआधी टेबलात लाखभर खोट्या ओळी भरा, क्वेरीचा लॉग चालू करा, एक पान उघडा आणि किती क्वेरी गेल्या ते मोजा.